पाहुण्याच्या राउटरने काउंटर बंद पाडला. व्हीलॅन केलं, तरी वेगळं काही होईना!

माडाखाली, आंजर्ले

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबडा आहे, पण अर्धवट सांगितला तर तुम्हीच उलट दहा प्रश्न विचाराल, म्हणून सगळं एकदाच लिहितो.

आमचं आंजर्ल्याला घरगुती राहण्या-जेवणाचं आहे. पुढे जुनं कौलारू घर, त्यात काउंटर, स्वयंपाकघर आणि आमचा संसार. मागे आगरात सहा खोल्यांची नवी इमारत. मध्ये साठेक मीटर अंतर. फायबरचं कनेक्शन जुन्या घरात माजघरात येतं, तिथे इंटरनेटवाल्याने दिलेला राउटर. तिथून एकच लॅन केबल पाइपात घालून पोफळींच्या मुळांखालून मागे नेली आहे. सहाही खोल्यांत लॅनचं सॉकेट, वर गच्चीच्या जिन्यात वायफायचा एक डबा, आणि तीन कॅमेरे. कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ठेवणारा डबा, एनव्हीआर, पुढे काउंटरखाली.

आता गाऱ्हाणं. मे महिना, खोल्या फुल्ल. तीन नंबरात एक पाहुणे सुट्टीतही ऑफिसचं काम करत होते. वायफायची रेंज कमी पडते म्हणून त्यांनी बॅगेतला स्वतःचा छोटा राउटर काढला आणि खोलीतल्या सॉकेटला लावला. वायर वॅनच्या, म्हणजे बाहेरून इंटरनेट घ्यायच्या भोकात जायची ती लॅनच्या भोकात गेली. मला यातलं काही माहीत नाही. दुपारी एक वाजता, बारा पानं वाढलेली असताना, काउंटरवरून स्वयंपाकघरातल्या प्रिंटरला ऑर्डर जाईना. मी प्रिंटरची वायर काढून घातली, रोल बदलला, राउटर तीनदा बंद-चालू केला. दर वेळी चालू केला की घरातला आणखी एखादा फोन बिघडायचा. बायको शेवटी आत-बाहेर करून तोंडी सांगत होती, दोन सुरमई, एक शाकाहारी, सोलकढी जास्त. दोन तासांनी कॉम्प्युटरचा आयपी, म्हणजे नेटवर्कमधला पत्ता, बघितला तर १९२.१६८.८ ने सुरू होणारा. आमचं घर १९२.१६८.१ वर चालतं. मग शोधत शोधत तीन नंबरपर्यंत पोचलो.

त्याआधी दिवाळीत पाच नंबरच्या पोरांनी फोनवरून टाकलेलं कार्टून दोन नंबरातल्या आजोबांच्या टीव्हीवर लागलं होतं. आजोबा बातम्या बघत होते. तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो.

तर आगोटीला गर्दी ओसरल्यावर लॅनच्या वायरी एकत्र जोडणारे दोन स्मार्ट स्विच आणले, पुढे आठ पोर्टचा, मागे सोळा पोर्टचा. व्हिडिओ बघून व्हीलॅन, म्हणजे एकाच स्विचमध्ये वेगवेगळी नेटवर्कं, केले: १० काउंटर, २० पाहुणे, ३० कॅमेरे. खोल्यांचे पोर्ट २० मध्ये अनटॅग्ड, कॅमेऱ्यांचे आणि एनव्हीआरचा ३० मध्ये अनटॅग्ड, काउंटर आणि प्रिंटर १० मध्ये. दोन स्विचना जोडणारी केबल पुढे ८ नंबरात आणि मागे १६ नंबरात, तिथे तिन्ही टॅग्ड. सेव्ह केलं. इंटरनेट सगळीकडे झकास चालतंय. पण चार नंबरात लॅपटॉप लावून बघितला तर पत्ता तोच १९२.१६८.१ चा आणि स्वयंपाकघरातला प्रिंटर पिंगला खणखणीत उत्तर देतोय. म्हणजे झालं काय? स्विच खराब का माझं डोकं?


खाडीपलीकडचा, केळशी

एवढी उस्तवार कशाला करता? राउटरमध्ये गेस्ट वायफाय असतं ते चालू करा, खोल्यांतल्या सॉकेटांवर पट्टी मारा. दहा मिनिटांचं काम.


पाना-पक्कड, चिपळूण

केळशीकर, गेस्ट वायफाय फक्त त्या राउटरच्या स्वतःच्या अँटेनापुरतं. तो राउटर माजघरात, खोल्या साठ मीटर मागे, मध्ये चिऱ्याच्या भिंती. मागच्या जिन्यातल्या डब्याला त्या गेस्टचं काही देणंघेणं नाही. आणि सॉकेटवर पट्टी मारली तरी ती काढायला नख पुरतं.

आता माडाखाली. स्विच ठणठणीत आहे, डोकंही. तुमचा पीव्हीआयडी राहिलाय, तो काय ते पुढे सांगतो. हीच चूक मी स्वतः केलेली आहे, २०२१ च्या जुलैतल्या पुरानंतर आमच्या बाजारपेठेत एका दुकानाचं नेटवर्क नव्याने उभं करत होतो तेव्हा. सगळं चिखलातून काढून धुतलेलं, मालक डोक्यावर उभा, इंटरनेट चालू झालं म्हटल्यावर मी पैसे घेऊन घरी. महिन्याभराने कळलं की वेगळं काहीच झालं नव्हतं. या चुकीची खोड हीच, सगळं चालू दिसतं.

आधी साधा स्विच काय करतो ते बघा. कुठल्या पोर्टवर कुठला मॅक पत्ता, म्हणजे यंत्राचा स्वतःचा पत्ता, आहे याची तो आपली एक वही ठेवतो. फ्रेम, म्हणजे डेटाचं एक पाकीट, आली की आलेल्या पत्त्याची नोंद करतो, जायच्या पत्त्याची नोंद सापडली तर त्याच पोर्टला पाठवतो. सापडली नाही, किंवा फ्रेम सगळ्यांसाठीच असली, तर आलेला पोर्ट सोडून बाकी सगळ्यांवर ओततो. तुमचा काउंटरचा कॉम्प्युटर ‘मला कुणी आयपी देता का’ अशी हाळी देतो ती अशी सगळ्यांसाठीची फ्रेम. ती तीन नंबर खोलीतही पोचली, तिथल्या राउटरने तुमच्या राउटरच्या आधी उत्तर दिलं, कॉम्प्युटरने पहिलं उत्तर घेतलं. संपलं. कार्टूनचंही तेच, फोन हाळी देतो ‘टीव्ही कोण कोण आहे’, आणि आजोबांचा टीव्ही म्हणतो मी आहे.

व्हीलॅन म्हणजे या हाळीला कुंपण. स्विचच्या वहीत आता मॅकच्या शेजारी व्हीलॅनचा नंबरही लिहिला जातो, आणि ओतायची वेळ आली की त्याच नंबरच्या पोर्टांवरच ओततो. एकच स्विच, पण आत तीन स्विच असल्यासारखं वागणं.

अडचण येते ती दोन स्विचमध्ये एकच केबल असली की. तिथे तुम्ही आंब्याचा ट्रक आठवा. गावातून वाशीला ट्रक एक जातो, त्यात पाच बागायतदारांच्या पेट्या. प्रत्येक पेटीवर ज्याचा त्याचा मार्का. तुमच्या पडवीत पेटी पडलेली असते तेव्हा तिला मार्का लागत नाही, पडवी तुमची, आंबा तुमचा. ट्रकवर चढायची तर मार्का हवाच, नाहीतर वाशीला गाळ्यावर कुणाच्या ढिगात लावायची? खोलीचा पोर्ट ही पडवी, अनटॅग्ड. तुमचा ८ नंबर आणि १६ नंबर हा ट्रक, टॅग्ड. आणि पीव्हीआयडी म्हणजे पडवीतून आत आलेल्या बिनमार्क्याच्या पेटीवर कुठला मार्का मारायचा, ते.

तुम्ही केलंत काय, २० चा माल खोलीत उतरवायला परवानगी दिलीत. पण खोलीतून येणाऱ्या पेटीवर अजून १ चाच मार्का पडतोय, कारण पीव्हीआयडी कारखान्यातून आला तसा १ आहे. आणि खोलीचे पोर्ट व्हीलॅन १ मधून तुम्ही काढलेही नाहीत, त्यामुळे १ चा माल परत तिथे उतरतोयही. जाताना १, येताना १. तुमचे १०, २०, ३० नुसते कागदावर.

स्वस्तातल्या स्विचवर या दोन गोष्टी दोन वेगवेगळ्या पानांवर असतात, तिथेच माणूस फसतो. तेव्हा पहिल्या पानावर मेंबरशिप, म्हणजे खोल्यांचे पोर्ट १ मधून बाहेर. दुसऱ्या पानावर पीव्हीआयडी, खोल्यांना २०, कॅमेऱ्यांना आणि एनव्हीआरला ३०, काउंटर-प्रिंटरला १०. एक पोर्ट मात्र १ मध्येच ठेवा. स्विचचं स्वतःचं सेटिंगचं पान बहुतेक वेळा व्हीलॅन १ मध्ये बसलेलं असतं, सगळे पोर्ट हलवलेत तर दाराला आतून कडी लावून बाहेर उभे राहाल.

मार्का म्हणजे नेमकं काय तेही सांगतो, मला आवडतं म्हणून. चार बाइट. फ्रेमच्या सुरुवातीला कुणाला आणि कुणाकडून असे सहा-सहा बाइटचे दोन मॅक पत्ते, त्यांच्या मागे लगेच हा घुसवतात. पहिले दोन बाइट हेक्समध्ये ८१००, ‘पुढे टॅग आहे’ एवढी खूण. उरलेल्या सोळा बिटांत तीन बिट अग्रक्रमाचे, एक बिट गर्दी झाली तर आधी कुणाला टाकून द्यायचं त्याचा, आणि बारा बिट व्हीलॅनचा नंबर. बारा बिटांत ४०९६ आकडे बसतात, त्यातले ० आणि ४०९५ राखीव, उरले ४०९४. १५१८ बाइटची मोठ्यात मोठी फ्रेम १५२२ ची होते. एकदम जुना एखादा डबा मध्ये असेल तर त्या चार बाइटांनीही त्याला ठसका लागतो, मोठ्या फ्रेमा गपचूप गिळतो आणि पिंग मात्र चालतं. या टॅगचं ८०२.१क्यू हे मानक १९९८ चं. त्याआधी ज्याची त्याची तऱ्हा, सिस्कोची आयएसएल तर अख्ख्या फ्रेमवरच तीस बाइटचं वेष्टण चढवायची. खोलीतल्या लॅपटॉपला यातलं काही कळत नाही, पोर्टमधून बाहेर पडताना स्विच मार्का खरवडून काढतो.

आता पुढचं. पीव्हीआयडी बदललात की खोल्यांतलं इंटरनेट बंद पडेल. काउंटरचंही. घाबरू नका, ते बंद पडलं म्हणजे व्हीलॅन पहिल्यांदा चालू झालं. तुमचा इंटरनेटवाल्याचा राउटर अजून १ मध्ये बसलाय, २० मधल्या हाळीला उत्तर द्यायला तिथे कुणीच नाही. व्हीलॅन समजणारा राउटर मध्ये घाला. मायक्रोटिकचा पाच पोर्टवाला छोटा चालेल, किंवा घरात जुना राउटर पडला असेल आणि त्यावर ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरचं सॉफ्टवेअर चढत असेल तर तोही. त्याच्याकडून पुढच्या स्विचच्या १ नंबर पोर्टला एकच वायर, त्यावर १०, २०, ३० टॅग्ड. राउटरवर तीन पत्ते: १९२.१६८.१०.१, १९२.१६८.२०.१, १९२.१६८.३०.१. प्रत्येकाला आपापला डीएचसीपी, म्हणजे आयपी वाटणारा.

आणि हे झाल्या झाल्या फायरवॉल, म्हणजे कुणी कुणाकडे जायचं त्याचे नियम, लिहा, दुसऱ्या दिवशी नाही. राउटरचा धर्म जोडण्याचा. त्याला तीन नेटवर्कं दाखवलीत की तो न सांगता तिन्हींत वाट मोकळी करतो. स्विचने घातलेलं कुंपण राउटरने मागच्या बेड्यातून उघडं टाकलं, अशी गत. २० मधून १० ला नाही, २० मधून ३० ला नाही. १० मधून ३० ला हो, आणि त्या बोलण्याचं उत्तर परत यायला हो. कॅमेऱ्यांना बाहेर इंटरनेट नको. एनव्हीआर मोबाइलवर बघत असाल तर फक्त त्याला द्या.


माडाखाली, आंजर्ले

पाना-पक्कड काका, तुम्ही समोर असतात तर पाया पडलो असतो. आणि मग शिव्या खाल्ल्या असत्या, कारण तुम्ही सांगितलेली कडी मी लावलीच. पुढच्या स्विचवर एक पोर्ट १ मध्ये ठेवला. मागच्या स्विचवर विसरलो, आणि १६ नंबरवरूनही १ काढून टाकला. सेव्ह दाबलं, पान गोल गोल फिरत राहिलं. मुसळधार पावसात, डोक्यावर इरलं नाही म्हणून प्लॅस्टिकची गोण घेऊन आगरातून मागे गेलो, जिन्याखालच्या पेटीत हात घातला. बारीक भोकात टाचणी दहा सेकंद दाबून धरली. पेटीत पालीने अंडी घातली होती ती वेगळीच. सगळं पुन्हा पहिल्यापासून केलं, आता मागच्याही स्विचवर १५ नंबर मोकळा ठेवलाय आणि त्यावर लाल चिकटपट्टी आहे.

तुम्ही म्हणालात तसंच झालं. पीव्हीआयडी बदलल्यावर चार नंबरातला लॅपटॉप बराच वेळ घुटमळला आणि १६९.२५४ वाला, कुणीच आयपी देत नाही तेव्हा स्वतःच घेतलेला, पत्ता घेऊन बसला. मायक्रोटिक दापोलीत मिळाला नाही, मागवला, चार दिवसांनी आला. आता लॅपटॉपला १९२.१६८.२०.१४ मिळाला. प्रिंटरला पिंग केलं, गप्प. एनव्हीआर, गप्प. गूगल चालू. बायकोला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, काही दिसत तर नाहीये. मी म्हटलं, तेच तर दाखवतोय.

दोन शंका. एक, उद्या पुन्हा कुणी खोलीत राउटर उलटा लावला तर? दोन, जिन्यातल्या वायफायच्या डब्याला कुठल्या नंबरात घालू? आम्हीही मागे गेलो की तेच वायफाय वापरतो.


दर्याकिनारी, वेंगुर्ले

मी इथे एका छोट्या हॉटेलाचं नेटवर्क बघते, म्हणून मध्ये बोलते.

पहिल्या शंकेचं उत्तर, दादा, तुमचा काउंटर आता वाचेल, पण बाकीच्या पाच खोल्या नाही वाचणार. व्हीलॅन २० च्या आत अजूनही सगळं मोकळं अंगणच आहे. उलटा राउटर तिथे पुन्हा आयपी वाटत सुटेल आणि कार्टून पुन्हा आजोबांकडे जाईल. स्विचवर पोर्ट आयसोलेशन असेल तर ते लावा. खोल्यांच्या पोर्टांना आपसात बोलायला बंदी, फक्त १६ नंबरकडे जायला परवानगी. डीएचसीपी स्नूपिंग, म्हणजे आयपी कोण वाटतंय यावर पहारा, असेल तर आणखी चांगलं, १६ नंबरला विश्वासाचा पोर्ट म्हणायचं, बाकी कुठल्याही पोर्टवरून ‘हा घे आयपी’ असं कुणी म्हटलं की स्विच ते तिथेच मारतो. सगळ्या स्वस्त स्विचांत स्नूपिंग नसतं, आयसोलेशन बहुधा असतं.

याची किंमतही सांगते. वायफायवरही एकमेकांना बंदी लावलीत तर पाहुण्याचा फोन त्याच्याच खोलीतल्या टीव्हीशी बोलू शकणार नाही. प्रत्येक खोलीला वेगळा व्हीलॅन, २१ ते २६, आणि वेगळा पासवर्ड, हा एक मार्ग आहे, मी एक सीझन तो केला. दर चेकआउटला कुणीतरी विचारायचं की शेजारच्या खोलीत आमची आई आहे, तिच्या टीव्हीवर का लागत नाही. शेवटी कास्टिंग बंद करून प्रत्येक टीव्हीला एक लांब एचडीएमआय केबल लटकवली. दिसायला वाईट, पण तक्रार शून्य.

दुसरी शंका. वायफायच्या डब्यात एकापेक्षा जास्त एसएसआयडी, म्हणजे वायफायची नावं, आणि प्रत्येकाला व्हीलॅन नंबर देता येतो का ते बघा. येत असेल तर त्याचा पोर्ट टॅग्ड करा, पाहुण्यांचं नाव २० ला, घरचं नाव १० ला. येत नसेल तर सरळ २० अनटॅग्ड, आणि तुम्ही मागे गेलात की पाहुणे.

काकांनी न सांगितलेल्या दोन गोष्टी. पाहुण्याच्या लॅपटॉपवरून ब्राउझरमध्ये १९२.१६८.१०.१ टाकून बघा. मायक्रोटिकचं लॉगिनचं पान उघडेल. नेटवर्कांमधली वाट बंद करणारे नियम आणि राउटरच्या स्वतःच्या दारावरचे नियम वेगळे असतात. २० मधून राउटरला फक्त डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता सांगणारं) आणि डीएचसीपी पुरतं, बाकी बंद. आणि ट्रंकवर, म्हणजे दोन स्विचमधल्या त्या केबलवर, बिनमार्क्याची पेटी कुठे जाते तेही बघा. ८ आणि १६ चा पीव्हीआयडी कुठलीही खोली ज्यात आहे असा नंबर कधीच नको. तसा असेल तर एखादा खोडकर एकावर एक दोन टॅग चिकटवतो, पहिला स्विच वरचा टॅग आपलाच म्हणून काढतो आणि पुढच्या स्विचला आतला दिसतो. उत्तर परत येत नाही, पण फ्रेम पोचते.

व्हीलॅनने केबलची रुंदी वाढत नाही हेही डोक्यात असू दे. ट्रक तोच. तुमचे तीन कॅमेरे चार-चार एमबीपीएस खात असतील तर गिगाबिटच्या केबलला ते जाणवणारही नाही. पण मागच्या स्विचवर कुणी एका खोलीतल्या दोन भोकांत एकच वायर लावून फेरा केला, तर त्या वादळात कॅमेरेही बुडतात. लूप प्रोटेक्शन चालू ठेवा.

आणि ती साठ मीटरची तांब्याची केबल. शंभर मीटरच्या आत आहे, चालेल, पण ऑक्टोबरात वीज माडावर पडली की दोन्ही स्विच एकदम जातात. मी दोनदा भोगलंय. तांब्याचा सिग्नल फायबरवर चढवणारे-उतरवणारे दोन मीडिया कन्व्हर्टर आणि फायबर टाका, काचेतून करंट येत नाही. टॅग त्यातून जसेच्या तसे जातात.


पाना-पक्कड, चिपळूण

बाई बरोबर बोलतात. लॉगिनच्या पानाचं मी विसरलो होतो, आता दोन गिऱ्हाइकांकडे जाऊन बघायला हवं.


माडाखाली, आंजर्ले

ताई, टाकून बघितलं. लॉगिनचं पान उघडलं! ताबडतोब बंद केलं. आयसोलेशन मिळालं, लूपचंही मिळालं, स्नूपिंग आमच्या स्विचला नाही. वायफायच्या डब्याला दोन नावं घेता येतात. फायबर पाऊस उघडल्यावर टाकू, आता पाइपात गुडघाभर पाणी आहे.

आज सकाळी पुन्हा ‘प्रिंटर चालत नाही’ अशी आतून हाक आली. पोटात गोळा आला. वीस मिनिटं नियम तपासत बसलो. बायको फोनवरून ऑर्डर पाठवत होती आणि तिचा फोन पाहुण्यांच्या वायफायवर होता.